सांगलीतील एका गिटारची घरघर : शील्डिंग, ग्राउंड आणि हॉलमधील सॉकेट

गणेशोत्सवाला तीन आठवडे उरले असताना एका स्थानिक ऑर्केस्ट्रात वाजवणारा तरुण आपली इलेक्ट्रिक गिटार घेऊन विश्रामबागेतील माझ्या कामाच्या खोलीवर आला. त्याने तक्रार एकाच वाक्यात सांगितली : "काका, घरी घरघर थोडी असते, पण गावभागातल्या हॉलमध्ये तालमीला बसलो की इतकी वाढते, की दोन कडव्यांच्या मधल्या जागेत तीच ऐकू येते." हे वाक्य मी मुद्दाम जसेच्या तसे नोंदवत आहे, कारण या प्रकरणाचे अर्धे उत्तर त्यातच होते आणि ते माझ्या लक्षात यायला नऊ दिवस लागले.

गिटार फेंडर कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीवरची, पण स्वस्त बनावटीची आणि कोल्हापुरात जुनी विकत घेतलेली होती. तिच्यावर तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या एकेरी गुंडाळ्या), पाच जागांचा निवड-स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन आणि मागच्या खोबणीत स्प्रिंगांवर तोललेला हलता ब्रिज, म्हणजे घोडी, होता. आधी कोणीतरी ती उघडून शील्डिंगसाठी, म्हणजे बाहेरचा विद्युत-गोंगाट अडवण्यासाठी, आत तांब्याची चिकटपट्टी लावून दिली होती. त्यानंतर घरघर कमी झाली नाही, उलट केबलची पिन घातल्यावर मधूनच आवाज पूर्ण बंद पडू लागला. वादकाचे म्हणणे असे, की पट्टी कमी पडली असावी, आता आणखी लावावी.

पट्टी वाढवण्याआधी घरघर कोणत्या जातीची आहे हे ठरवणे आवश्यक असते, आणि ते गिटार न उघडता पुष्कळ अंशी ठरवता येते. सिंगल कॉइल पिकअपमध्ये साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तारेचे हजारो वेढे असतात. तारेच्या कंपनाने चुंबकीय क्षेत्रात होणारा सूक्ष्म बदल पकडण्यासाठी ही गुंडाळी केलेली असते, परंतु ट्रान्सफॉर्मर, पंख्याची मोटर किंवा ट्यूबलाइटचा जुना चोक यांच्याभोवतीचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्रही ती तितक्याच निष्ठेने पकडते. ही पहिली जात. दुसरी जात विद्युत क्षेत्राची : भिंतीतील फेजची वायर आणि गिटारमधील उघडी सिग्नल-वायर यांच्यामध्ये हवेतूनच एक अगदी लहान धारिता तयार होते आणि तिच्यातून अत्यल्प प्रवाह सिग्नलमध्ये शिरतो. गिटारचे सर्किट उच्च रोधाचे असल्यामुळे, म्हणजे पॉट (व्हॉल्यूम व टोनच्या बटणांखालचे बदलते रोधक) सहसा २५० किलोओहमचे आणि अ‍ॅम्पची इनपुट सुमारे १ मेगाओहमची असल्यामुळे, एवढ्याशा प्रवाहाचाही ऐकू येण्याइतका व्होल्टेज होतो. पहिली घरघर गोल आणि जड वाटते, तर दुसरीत किरकिरीचा अंश अधिक असतो, कारण मूळ वारंवारतेच्या पटींतले वरचे स्वर धारितेतून अधिक सहज पार होतात. तिसरी गोष्ट वादकाचे शरीर. तेही खोलीतील विद्युत क्षेत्र झेलत असते आणि गिटारला खेटून बसल्यामुळे तो विद्युत-गोंगाट गिटारकडे पोहोचवते. ब्रिजपासून जॅकच्या (केबलची पिन जिथे घालतात त्याच्या) ग्राउंडपर्यंत, म्हणजे सर्किटच्या शून्य बाजूपर्यंत, जी एक वायर गिटारमध्ये टाकलेली असते ती याचसाठी : वादकाचा हात तारांवर पडला की त्याचे शरीर ग्राउंडला जोडले जाते आणि गोंगाट वाहून आणण्याऐवजी ते एक आडोसा बनते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावताना कारागीर किती वेळ कान देऊन बसतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच उमजेल की वाद्याचा स्वभाव घोडीपाशी ठरतो. इलेक्ट्रिक गिटारच्या घोडीला त्याशिवाय आणखी एक काम असते, ते म्हणजे वादकाला आणि अ‍ॅम्पला एका वायरीने जोडण्याचे. या प्रकरणाचे सगळे धागे शेवटी याच वायरीपाशी येऊन मिळाले.

पहिल्या संध्याकाळी मी गिटार अ‍ॅम्पला जोडून, वाजवणे थांबवून, फक्त ऐकत राहिलो. वादकाला खुर्चीवर बसल्या जागी हळूहळू गोल फिरायला सांगितले. जड गुणगुण एका दिशेला वाढली आणि साधारण पाव फेरा फिरल्यावर जवळजवळ नाहीशी झाली. दिशेनुसार असा चढउतार होणे ही चुंबकीय घरघरीची खूण आहे. त्या दिशेलाही जी किरकिर उरली ती मात्र फिरण्याने बदलत नव्हती. खोलीतील पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असताना ही किरकिर तीव्र होई आणि पंखा पूर्ण बंद केला की सौम्य होई, कारण असा रेग्युलेटर वीजलहरीचा प्रत्येक अर्धा भाग मध्येच कापतो आणि त्या धारदार कापणीतून वरच्या वारंवारतेचा कचरा वायरिंगभर पसरतो. व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर सर्व शांत होत होते, म्हणजे केबल आणि अ‍ॅम्प निर्दोष होते. व्हॉल्यूम मधोमध ठेवल्यावर किरकिर कमी होण्याऐवजी किंचित वाढत होती. तिथे पॉटचा स्वतःचा रोध सिग्नलच्या वाटेत सर्वाधिक येतो, त्यामुळे ही खूणही विद्युत क्षेत्राकडेच बोट दाखवत होती.

सर्वांत बोलकी ठरली ती स्पर्शाची परीक्षा. वादकाने तारांवर हात ठेवला तेव्हा काहीच बदलले नाही, पण त्याने जॅकची धातूची पट्टी बोटाने दाबताच किरकिर निम्म्याहून कमी झाली. जॅकची पट्टी ग्राउंडला होती आणि तारा नव्हत्या. ब्रिजची वायर तुटलेली आहे हे गिटार उघडण्याआधीच सिद्ध झाले. शेवटी निवड-स्विच फिरवून पाहिला. दुसऱ्या आणि चौथ्या जागी, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, तिथे जड गुणगुण कमी व्हायला हवी होती, पण झाली नाही. याचा अर्थ या गिटारचा मधला पिकअप उलट्या चुंबकाचा व उलट्या गुंडाळीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिकगार्ड, म्हणजे पिकअप बसवलेले दर्शनी झाकण, उघडला. खोबणीत तांब्याचे अकरा तुकडे अगदी नीटनेटके चिकटवलेले होते आणि पाहणाऱ्याचा विश्वास बसावा असे ते काम दिसत होते. मल्टिमीटर बझरवर ठेवून एका तुकड्यावरून दुसऱ्यावर गेलो तेव्हा कळले, की त्यांपैकी फक्त तीन एकमेकांना जोडलेले आहेत. वापरलेल्या पट्टीचा गोंद वीजवाहक नव्हता, त्यामुळे तुकडे एकमेकांवर चढवूनही प्रत्येकजण वेगळाच राहिला होता. त्यातून भर अशी, की ते तीन तुकडेही ग्राउंडच्या कोणत्याही बिंदूला जोडलेले नव्हते. ग्राउंडला न जोडलेला तांब्याचा पत्रा आडोसा करत नाही. बाहेरचे क्षेत्र त्याच्यावर बसते आणि तो ते तसेच पलीकडच्या वायरीला देतो. पूर्वीच्या कामाने घरघर का कमी झाली नाही याचे उत्तर मिळाले. आवाज मधूनच बंद पडण्याचे कारण जॅकच्या खोबणीत सापडले : पिन आत जाताना जॅकची टोकाला टेकणारी पट्टी बाहेरच्या बाजूला वाकते, ती नेमकी तांब्याला जाऊन भिडत होती आणि तो तुकडा तेवढा जॅकच्या बाहेरील धातूला टेकलेला असल्याने सिग्नल सरळ ग्राउंडला जात होता.

मागचे झाकण काढल्यावर ब्रिजची वायरही दिसली. स्प्रिंगा ज्याला अडकवतात त्या पंजाच्या आकाराच्या पट्टीवरून तिचा टाका सुटून ती खोबणीत लोंबत होती. या पट्टीवर टाका देणे बारीक सोल्डरिंग गनचे काम नाही, कारण धातूचा जाड तुकडा सगळी उष्णता शोषून घेतो आणि वर बसलेला कथिलाचा गोळा फक्त चिकटल्यासारखा दिसतो. आधीचा टाका असाच कच्चा असावा. मी पट्टीचा मुलामा कानशीने खरवडला, फ्लक्स लावला आणि ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने, कथिल पाण्यासारखे पसरेपर्यंत थांबून, टाका दिला. ब्रिजपासून जॅकच्या बाहेरील धातूपर्यंतचा रोध त्यानंतर ०.४ ओहम भरला, आणि त्यातील बराचसा मीटरच्या वायरींचाच होता.

तांब्याची पट्टी मी पूर्ण उपटली नाही. प्रत्येक जोडावर कथिलाचा एक छोटा ठिपका देऊन सगळे तुकडे एक केले, जिथे मोकळे लाकूड दिसत होते तिथे नवी पट्टी घातली आणि खोबणीची कड ओलांडून दोन ठिकाणी जीभ काढली, जेणेकरून पिकगार्डच्या मागे लावलेला पत्रा स्क्रू आवळल्यावर त्या जिभांवर दाबून बसेल. पेटीला झाकण नसेल तर ती पेटी नव्हे, हे येथे अनेकदा विसरले जाते. संपूर्ण कवच एका वायरीने व्हॉल्यूम पॉटच्या पाठीला जोडले. जॅकच्या आणि स्विचच्या खोबणीत, जिथे सिग्नलचे टोक तांब्याजवळून जाते, तिथे कापडी इन्सुलेशन टेपचे दोन थर दिले आणि पिन घालून, हलवून, वाकवून पुन्हा पुन्हा तपासले.

ग्राउंडच्या सर्व वायरी एकाच बिंदूला आणाव्यात, नाहीतर गिटारच्या आतच ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या वाटांचे बंद वेटोळे, होतो, असे वादकाने ऐकले होते. एका बिंदूला आणण्यात तोटा काहीच नाही, जोडणी समजायला सोपी पडते, म्हणून मी तसे केले. मात्र काही सेंटिमीटरच्या तांब्याच्या दोन वाटांमध्ये, ज्यांतून वीजपुरवठ्याचा कोणताही प्रवाह वाहत नाही, ऐकू येईल असा लूप मी आजवर पाहिलेला नाही. खरा लूप दोन अर्थ केलेल्या उपकरणांमध्ये होतो, आणि तो या प्रकरणात पुढे आलाच.

याहून अधिक महत्त्वाची समजूत मला त्याला स्पष्टपणे द्यावी लागली : या तांब्याने जड गुणगुण जाणार नाही. ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तांब्यात नऊ मिलिमीटरहून अधिक खोल गेल्यावर कुठे एक-तृतीयांशाच्या थोडे वर उरते, आणि आपली पट्टी मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतकी पातळ. तिच्या दृष्टीने ते क्षेत्र म्हणजे उघड्या खिडकीतून येणारा वारा. चुंबकीय घरघरीवर उपाय एकच, तो म्हणजे दोन गुंडाळ्या परस्परविरुद्ध ठेवून तिचा तिच्याकडूनच छेद घडवणे. गिब्सन कंपनीतील सेठ लव्हर यांनी १९५५ साली ज्या हमबकर या दोन गुंडाळ्यांच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यामागे हीच कल्पना आहे. दोन्ही गुंडाळ्या बाहेरची घरघर सारखीच पकडतात, म्हणून एक उलटी जोडली की ती वजा होते, आणि चुंबकही उलटा असल्यामुळे तारेचा सिग्नल मात्र बेरजेत राहतो.

येथे गिटार स्वस्त असण्याचा फायदा झाला. महागड्या पिकअपमध्ये चुंबकाच्या कांड्यांभोवतीच तार गुंडाळलेली असते आणि त्यांचे ध्रुव बदलायला त्या नव्याने चुंबकित कराव्या लागतात. या पिकअपमध्ये लोखंडी खुंट्या आणि त्यांच्या तळाशी चिकटवलेला एक सिरॅमिक चुंबक होता. मधल्या पिकअपचा तो चुंबक ड्रायरच्या कोमट हवेने गोंद सैल करून सोडवला, उपडा करून पुन्हा बसवला आणि होकायंत्राची सुई खुंट्यांजवळ धरून ध्रुव बदलल्याची खात्री केली. नंतर त्याच पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली. अशा अदलाबदलीने काही वेळा गुंडाळीचा बाहेरचा थर सिग्नलच्या बाजूला येतो आणि विद्युत क्षेत्राला थोडा अधिक उघडा पडतो, म्हणून हे काम कवच पक्के झाल्यावर करण्यात अर्थ होता. केसासारख्या तारेला धक्का लागू नये म्हणून या अर्ध्या तासाच्या कामाला मी दोन तास घेतले, आणि नवशिक्याने ते प्रथम निरुपयोगी पिकअपवर करून पाहावे असे मला मनापासून वाटते.

गिटार बंद करून ऐकली. किरकिर गेली होती. दुसऱ्या आणि चौथ्या जागी जड गुणगुणही जवळजवळ नाहीशी झाली, आणि पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या जागी ती दिशेनुसार उरली, जशी सिंगल कॉइलमध्ये उरणारच. वादक समाधानाने गिटार घेऊन गेला.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. "काका, गिटार शांत झाली, पण माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. आधी असं कधी नव्हतं." त्याला लगेच वाजवणे थांबवायला सांगून मी मीटर घेऊन हॉलवर गेलो. अ‍ॅम्प चालू ठेवून गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मोजले, तर १०० व्होल्टहून अधिक दिसले. मिक्सर रंगमंचाच्या उजव्या बाजूच्या सॉकेटवर होता आणि अ‍ॅम्प डाव्या. डाव्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट होते, पण न्यूट्रल आणि अर्थच्या पिनमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट असायला हवे होते, तिथे ११० च्या आसपास आकडा डोलत होता. त्या सॉकेटचा अर्थ कुठेही पोहोचत नव्हता. अ‍ॅम्पच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ असला की त्यांचा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो, आणि अर्थ नसला की अ‍ॅम्पची संपूर्ण बॉडी पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. बॉडीपासून केबलची जाळी, जाळीपासून जॅक, जॅकपासून मी घातलेल्या पक्क्या टाक्याने ब्रिज, ब्रिजपासून वादकाचा हात आणि ओठांतून अर्थ असलेला माइक, अशी वाट मी स्वतः पूर्ण करून दिली होती. जुना कच्चा टाका सुटलेला होता तोवर ही वाट तुटलेली होती.

घरी घरघर कमी आणि हॉलमध्ये जास्त, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी त्याचा अर्थ हॉलमधले दिवे आणि पंखे असा लावला. वस्तुतः अर्थ नसलेल्या अ‍ॅम्पमुळे गिटारचे संपूर्ण ग्राउंडच डोलत होते आणि घरघर वाढण्याचे मोठे कारण तेच होते. ब्रिजची वायर जोडून गिटार वादकाच्या हाती देण्याआधी ती जिथे वाजणार आहे तिथले सॉकेट मी तपासायला हवे होते. ते मी केले नाही, ही या प्रकरणातील माझी गंभीर चूक आहे. जाणवलेला प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आतला असावा, म्हणून झिणझिण्यांवर भागले. अ‍ॅम्पमध्ये फेजची वायर बॉडीला टेकण्याचा बिघाड त्याच वेळी झाला असता, तर परिणाम लिहवत नाही.

हॉलच्या वायरमनने त्याच दुपारी भिंतीतला जंक्शन बॉक्स उघडला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावभागात शिरले होते तेव्हा हा बॉक्स पाण्याखाली होता. नंतर बोर्ड आणि सॉकेट नवे बसवले गेले, पण भिंतीतला अर्थचा जोड तसाच राहिला. तो हिरव्या भुकटीने झाकलेला होता आणि चिमट्याने ओढताच सुटून हातात आला. नवी वायर थेट मुख्य बोर्डाच्या अर्थपट्टीपर्यंत ओढली. न्यूट्रल आणि अर्थमधला आकडा दोनच्या आत आला, तारा आणि माइक यांच्यामध्ये मीटर शून्याजवळ स्थिरावला, आणि हॉलमधली घरघरही घरच्याइतकी खाली आली. रंगमंचाच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवण्यास व्यवस्थापकांनी तिथल्या तिथे संमती दिली.

वादकाने विचारले, की ब्रिजच्या वायरीत ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला तर शॉक लागत नाही असे म्हणतात, तो घालावा का. मी त्याला कागदावर गणित करून दाखवले. ५० हर्ट्झला या कपॅसिटरचा अडथळा सुमारे ९,६०० ओहम होतो, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २४ मिलिअँपिअर वाहू शकतात. साधारण दहाच्या पुढे स्नायू आकसून पकडलेली वस्तू सोडता येत नाही, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी चोवीसला हमखास पडेलच असे नाही. थेट जोडणीपेक्षा ते बरे, पण अर्थिंगची जागा हा कपॅसिटर घेऊ शकत नाही. आम्ही तो घातला नाही.

एक प्रश्न उरला होता. अर्थ दुरुस्त झाल्यावर अ‍ॅम्पच्या लाइन-आउटमधून मिक्सरकडे जाणाऱ्या केबलमुळे स्पीकरमध्ये नवी गुणगुण आली. दोन सॉकेटांच्या दोन अर्थ-वाटा आणि मधल्या केबलची जाळी यांचे एक मोठे वेटोळे तयार झाले होते, आणि हाच तो खरा ग्राउंड लूप. तालमीतल्या एकाने अ‍ॅम्पच्या थ्री-पिन टॉपची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला, आणि घरघर त्याने खरोखरच गेली असती, म्हणूनच हा सल्ला इतका पसरलेला आहे. मी त्याला पिन हातात धरून, अर्ध्या तासापूर्वी त्याच रंगमंचावर काय मोजले होते ते सांगितले. त्यानंतर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करून देणारी छोटी पेटी) मध्ये घालून त्याचा ग्राउंड-लिफ्टचा खटका उघडला. त्यामुळे सिग्नलची जाळी तुटली, पुरवठ्याचा अर्थ दोन्हीकडे शाबूत राहिला आणि गुणगुण थांबली.

मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी कागदी टेपवर तारीख, ब्रिज ते जॅक ०.४ ओहम, कवच ते जॅक ०.३ ओहम आणि "मधला पिकअप : चुंबक व वायरी उलट" एवढे लिहून ठेवले आहे, म्हणजे पुढे जो कोणी ती उघडेल त्याला शोधत बसावे लागणार नाही. वादकाने आपल्या गिटारच्या पिशवीत सॉकेट तपासण्याचा तीन दिव्यांचा टेस्टर ठेवला आहे. उत्सवातल्या पहिल्या मांडवात त्याने तो लावून पाहिला तेव्हा अर्थचा दिवा लागला नाही, आणि जनरेटरवाल्याने अर्थची वायर जोडून देईपर्यंत त्याने गिटार पिशवीतून बाहेर काढली नाही.